परत कामावर

कारखान्यात परत घेण्याआधीची तपासणी चालू होती. नर्स निवृत्त टर्नरच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधत होती, पण तिचे कान त्याच्या आणि मागे उभ्या असलेल्या, महिन्यापूर्वीच परत घेतलेल्या म्हाताऱ्या वॉचमनच्या गप्पांकडे होते.

"काय टर्नरसाहेब, तुम्हीपण परत?"

"बोलावणं आलं हो! आता बापलेक एकाच शेडमध्ये."

"बापलेक? अहो, तुमच्या पोराला मागच्याच आठवड्यात काढलं की!"

"काहीतरीच काय!"

"साठीपुढच्या माणसाचा अर्धा पगार सरकार भरतंय. मालक तरण्यांना कशाला ठेवील? तुम्हाला पोराचंच लेथ मशीन दिलंय."

"थट्टा पुरे हं."

"थट्टा कसली? गेटवर त्याचं कार्ड मीच काढून घेतलं."

"आजोबा, बोलू नका. पुन्हा मोजते."

"अहो बाई, पण आज सकाळी मी स्वतः त्याच्या हातात डबा दिलाय!"