घोडीवरून उतरला नाही

(डॉर्सेटमधलं एक मोठं शेतघर. मार्चमधली दुपार. स्वयंपाकघराचं मागचं दार.)

डॉर्कस : आत पाऊल टाकू नकोस, केझी. तिथंच पायरीवर उभी राहा.

केझिया : मावशी, एकदाच बघू दे मला त्याला.

डॉर्कस : बघायचं काय आहे त्यात? सकाळीच त्याला आंघोळ घालून, स्वच्छ सदरा चढवून बैठकीच्या खोलीत ठेवलाय. पाण्यातून काढलेला माणूस आहे पोरी. तुझ्या डोळ्यांपुढचा राल्फ नाही राहिला तो.

केझिया : तू सकाळपासून त्याला हात लावतेयस. आणि मी लांबून बघायचंसुद्धा नाही?

डॉर्कस : गावात कुणीही मेलं तरी हात मीच लावते. कामच आहे माझं ते, मला कोण काय बोलणार? तुझं तसं आहे का? नदीपलीकडच्या गोठ्यात गाई पिळणारी पोर तू, आणि रेडवेंच्या एकुलत्या एक मुलाच्या उशाशी येऊन बसणार! बाईसाहेबांनी बघितलं तर माझं खोपटं जाईल. त्यांच्याच जमिनीवर आहे ते.

केझिया : त्या आहेत कुठं?

डॉर्कस : बागेत. मधमाश्यांच्या पेट्यांना काळी फडकी बांधतायत. घरचा धनी गेला, हे माश्यांना घरच्याच माणसानं सांगावं लागतं ना, नाहीतर उडून जातात त्या. मी म्हटलं, मी सांगते हो, तुम्ही जरा टेका. तर केवढ्यांदा खेकसल्या माझ्यावर! दोन दिवस झाले, पोटात अन्न नाही, डोळ्यांत टिपूस नाही.

केझिया : मग त्या यायच्या आत जाऊन येते. मावशी, येत्या रविवारी चर्चमध्ये पाद्री आमची नावं वाचणार होता. बायको होणार होते मी त्याची. एवढाही हक्क नाही मला?

डॉर्कस : रडवू नकोस गं. काल तू ते सांगितलंस, तेव्हापासून माझ्याही घशाखाली घास उतरलेला नाही. चल. पटकन. ते लाकडी बूट काढ आधी, फरशीवर वाजतील. हं, इकडून. खिडक्या झाकल्यात, नीट बघून चाल.

केझिया : किती लांब वाटतोय.

डॉर्कस : आडवा माणूस लांबच दिसतो. कपाळाला खडक लागलाय, म्हणून केस पुढं ओढलेत. ते वर करू नकोस.

केझिया : भांग चुकलाय तुझा. डावीकडे पाडायचा तो.

डॉर्कस : मला काय ठाऊक? मी त्याला टोपीशिवाय पाहिला होता कधी? दे नीट करून. हळू. भिऊ नकोस, लाव हात.

केझिया : किती गार आहे गं.

डॉर्कस : असतंच तसं. झालं ना समाधान? आता नीघ. नीघ म्हणते ना! पावलं वाजतायत—

मिसेस रेडवे : डॉर्कस, कोण आहे आत?

डॉर्कस : कोणी नाही, बाईसाहेब. माझी भाची. पाणी उचलायला हाताशी घेतली होती.

मिसेस रेडवे : पाणी सकाळीच उचलून झालंय. तोंड वर कर, मुली. जॉब विकरीची ना तू? आमच्या कुरणातली मेंढी मारून खाल्ली त्या माणसाची?

केझिया : हो. मीही खाल्ली होती ती. त्या हिवाळ्यात घरात दुसरं काही नव्हतं. बापाला त्यासाठी कैदी करून समुद्रापार धाडलं, अजून काय पाहिजे तुम्हाला?

डॉर्कस : केझी! तोंड आवर! बाईसाहेब, लहान आहे ती, तिचं डोकं ठिकाणावर नाही. मी नेते तिला.

मिसेस रेडवे : ने. माझ्या डोळ्यांसमोरून ने.

केझिया : जाते. मला जे बघायचं होतं ते झालं बघून.

मिसेस रेडवे : थांब. दार लाव, डॉर्कस. आतून. त्या संध्याकाळी तो तुझ्याचकडे आला होता?

केझिया : हो.

मिसेस रेडवे : वाटलंच होतं. मी त्याला म्हटलं होतं, जेवणाच्या वेळेला घरी ये. नाही आलास, तर पुन्हा येऊच नकोस. तो उठला. टोपी घातली आणि गेला. मी मांस कापून ताट वाढून ठेवलं. ते गार झालं, त्यावर चरबी धरली, तरी मी तशीच बसले होते. मग अंगणात टापा वाजल्या. मला इतका आनंद झाला! दार उघडलं, तर एकटी घोडी. पोटापर्यंत भिजलेली.

डॉर्कस : नका बोलू, बाईसाहेब. बसा जरा. घोटभर पेज घेता का?

मिसेस रेडवे : मला हिच्याकडून एक गोष्ट ऐकायचीय. नदीत गेला तो तुझ्याकडे येताना गेला, की परतताना? तुझ्याकडे येताना गेला असेल, तर मला कायमचं सोडूनच निघाला होता. घरावर पाणी सोडून. मग मी कोणाची आई म्हणून उद्या त्याच्या शवपेटीमागून चालू?

डॉर्कस : सांग ना गं, केझी. सांगून टाक, आता लपवून काय करायचंय! बाईसाहेब, वाईट वाटून घेऊ नका, पण रविवारी चर्चमध्ये या दोघांची नावं—

केझिया : मावशी, गप्प बस.

डॉर्कस : अगं, तुझ्याच भल्यासाठी बोलतेय मी.

केझिया : गप्प बस म्हटलं ना! बाईसाहेब, तो परतताना गेला. घरीच येत होता. तुमच्याकडे.

मिसेस रेडवे : माझ्यावर दया करू नकोस. तुझी दया नकोय मला.

केझिया : तुमच्यावर कशाला दया करू? तुम्ही कधी केलीत? खरं तेच सांगतेय. तो मला नाही म्हणायला आला होता.

डॉर्कस : काय?

केझिया : एरवी गोठ्याच्या फाटकाशी यायच्या आधीच उडी टाकायचा. लगाम माझ्या हातात द्यायचा आणि कुंपणावर चढून बसायचा, शाळेतल्या पोरासारखा. त्या दिवशी घोडीवरून उतरलाच नाही. तिच्या आयाळीत बोटं घालून तिकडेच बघत बोलत होता. तो तोंड उघडायच्या आधीच मला कळलं. म्हणाला, आई एकटी आहे. म्हणाला, मी तेवढा धीट नाही, केझी.

मिसेस रेडवे : असं म्हणाला?

केझिया : हो.

मिसेस रेडवे : हे त्याचंच बोलणं. नव्हताच तो धीट. वडील गेल्यावर पुढं कितीतरी वर्षं माझ्या खोलीतच झोपायचा. धीट होऊच दिला नाही मी त्याला.

डॉर्कस : पण काल मला तू जे सांगितलंस... मी रात्रभर तेच धरून रडले ना गं.

केझिया : मुद्दाम सांगितलं. तो मला घेऊन जाणार होता, असं एका तरी माणसाला वाटावं म्हणून.

डॉर्कस : अगं माझे बाई.

मिसेस रेडवे : पण पूल होता ना? एवढं पाणी चढलेलं. उताराच्या वाटेनं, एरवी गुडघाभर पाणी असतं तिथून, नदीत घोडी घालायला तो आंधळा नव्हता. पुलावरून का नाही आला?

केझिया : मी बोलले म्हणून.

मिसेस रेडवे : काय बोललीस?

केझिया : म्हटलं, पळ मग आईकडे. पुलाचा वळसा घेऊ नकोस, जेवणाला उशीर होईल, आई मारेल. उतारानंच जा, घाबरत नसशील तर. पाणी मला दिसत होतं. वाटलं, काठाशी जाऊन घाबरेल आणि मान खाली घालून पुलाकडे वळेल. मग मी हसेन त्याला. मला हसायचं होतं हो त्याला, तेवढंच. तो काठाशी थांबलासुद्धा. एकदा मागं वळून बघितलं. मी हसायला तोंड उघडलं, आणि त्यानं घोडी पाण्यात घातली.

डॉर्कस : पुरे, केझी. पुरे आता. बाईसाहेब, ही पोर आहे हो, राग तोंडातून जाईल तसा जातो. तुम्ही काही मनावर—

मिसेस रेडवे : तू मध्ये बोलू नकोस, डॉर्कस. हिनं म्हटलं, जा. मी म्हटलं, वेळेवर ये. दोघींचंही ऐकलं त्यानं.

केझिया : मला हवं ते बोला तुम्ही. मारा. पण माझ्याकडे अशा बघू नका.

मिसेस रेडवे : एक विचारते. खरं सांग. दिवस गेलेत का तुला?

केझिया : नाही.

मिसेस रेडवे : नक्की?

केझिया : आमच्यात तसलं काही झालंच नाही. मी होऊ दिलं नाही. तुम्ही लोक म्हणाल, चोराच्या पोरीनं फशी पाडलं.

मिसेस रेडवे : बघ, काय दैव असतं. महिन्यापूर्वी तू हो म्हणाली असतीस, तर तुला मी कुत्री अंगावर सोडून हाकलली असती. आणि आत्ता, तू हो म्हणावंस म्हणून मी वाट बघत होते.

डॉर्कस : बाईसाहेब, ही खुर्ची. टेका.

मिसेस रेडवे : खुर्ची तिच्याकडे सरकव. तिकडं नाही, उशाशी. भांग हिनं पाडला वाटतं?

केझिया : हो. चुकीच्या बाजूला होता.

मिसेस रेडवे : माझ्या लक्षात नाही आलं. दोनदा येऊन गेले मी. ऐक, मुली. उद्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बस, तुझ्या मावशीशेजारी. पेटीमागून चालायचं नाही. थडग्याजवळ यायचं नाही. गावाला मी काही सांगणार नाही आणि तूही सांगायचं नाहीस.

केझिया : बरं.

मिसेस रेडवे : आणि लोकांदेखत रडायचं नाही. तेवढं आत्ता रडून घे. मी दाराबाहेर बसते, कोणाला आत येऊ देत नाही.