चुलीकडं तोंड करून

सत्त्याण्णव साली सांगलीच्या एका दवाखान्यात म्हसवडच्या आक्काताई आणि त्यांचा मुलगा धम्मपाल माझ्या शेजारी बाकावर बसले होते.

"आये, गाठ अन्ननलिकेत हाय, पण कॅन्सरची न्हाई. दुर्बिणीनं काढायची म्हणत्यात."

"छाती फाडत न्हाईत?"

"न्हाई, बारीक भोकं पाडत्यात. अशी गाठ लय कमी जणांना हुती."

"डाक्टरनी अशा किती काढल्यात आजवर?"

"दोनच."

"व्हय म्हण. दमले मी आता."

"दोन वर्सं घास अडकत हुता, तर बोलली का न्हाईस?"

"तू मुंबईस्नं चार दिवस यायचास."

"म्हणून चुलीकडं तोंड करून जेवायचीस? मला वाटायचं, माझ्यावर रुसलीस."

"ठसका लागायचा रं."

"डब्यात दूधभात हाय. माझ्याकडं तोंड करून खा."

"लय वेळ लागंल."

"लागू दे."