चेनला हवा

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबरची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर एक तरुण बाई आणि हात गळ्यात बांधलेल्या एक आजीबाई बोलत होत्या.

"आत तुझे मिस्टर का गं?"

"हो मावशी. पाय मोडलाय, सायकलपायी."

"सायकलवरून पडले?"

"छे हो, सायकलवर बसतात कुठे ते! ती खांद्यावर घेऊन जिना उतरत होते. रविवारी हवा खायला नेतात तिला."

"खांद्यावरून? चाकं नाहीत का तिला?"

"आहेत की. पण चालवली की चेन मळते ना! मग ती रॉकेलमध्ये धुवा, ब्रशने घासा, वितळलेल्या मेणात बुडवा, दोरीवर वाळत घाला. तेलाला धूळ चिकटते म्हणे, मेणाला नाही."

"आणि मेण वितळवतात कशात?"

"माझ्या दुधाच्या पातेल्यात. हल्ली चहा कसा सुळकन उतरतो घशाखाली!"

"अगं बाई! आणि तू हे खपवून घेतेस?"

"आधी तिडीक जायची डोक्यात. एक दिवस ती चेन भंगारात घालीन, असं ठरवलंच होतं मी."

"मग आज चांगली संधी होती!"

"कसली संधी! हे पायरीवर आडवे, वर सायकल. मी पळत सुटले."

"सुटणारच. शेवटी नवरा आहे."

"हो ना. ते उठायला बघत होते. मी ओरडले, अजिबात हलू नका, चेन जमिनीला लागेल!"