रविवारच्या फळ्यावर दोन नावं

काकू, बळीराम काका आणि इथे जमलेले आपण सगळे,

वादानं समोरच्या पक्षाचा एक तरी माणूस फिरतो का? मला याचं उत्तर देता येत नाही. शोकसभेत असा प्रश्न काढू नये, हे कळतं. पण गंगाधर काकांबद्दल बोलायला उभी राहिले आणि दुसरं काही सुचतच नाही. परवा स्मशानातून परतताना बळीराम काकांनी मला हेच विचारलं. "पोरी, इतके रविवार बोलला तुझा काका. एक मत तरी फिरलं का?" तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही.

काका आपल्या मुखेडच्या बसस्थानकावर नियंत्रक होते. निवृत्त झाले, पण आवाज माईकवरचाच राहिला. या वाचनालयाच्या ओसरीत दर रविवारी दोन्ही पक्षांची माणसं त्यांनीच समोरासमोर बसवली. दारातल्या फळ्यावर विषय, खाली दोन नावं. नियम एकच. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. तो "हाव, हेच म्हनलो मी" म्हणाला, तरच पुढे बोलायचं.

मी घरातली पहिली पदवीधर. मला वाटायचं, पुरावा दिला की माणसाला पटतं. पहिल्याच रविवारी समोरच्या पक्षाच्या बळीराम काकांचं म्हणणं मी घाईत उरकलं, त्यांच्या 'हाव'ची वाटही पाहिली नाही, आणि त्यांना कोंडीत पकडलं. टाळ्या पडल्या. ते टॉवेल झटकून उठून गेले. गंगाधर काका म्हणाले, "टाळ्या कोनी वाजवल्या? आपल्याच मानसांनी. ती तर आधीच आपली व्हती."

मी भांडले त्यांच्याशी. मग खरं बोलायचंच नाही का, म्हटलं. मी चहा तसाच ठेवून घरी गेले.

आणि ते स्वतः तरी कुठे फिरले? जन्मभर एकच चिन्ह. बळीराम काकांचंही एकच, दुसरं.

मागच्या मतदानाला काकांना चालवत नव्हतं. बळीराम काकांनी मोटारसायकल काढली. काका मध्ये, मागून धरायला मी. बळीराम काका म्हणाले, "हा माझं मत कापायला चाललाय. तरी बी सावकाश नेतो."

काका म्हणाले, "खड्ड्यात घालायचं तर येताना घाल. आधी मत देऊ दे."

हे मत फिरणं नाही. मग काय आहे? मला नाव देता येत नाही. एवढ्यावर समाधान मानायचं का, तेही कळत नाही. मला अजून वाटतं, माणसं फिरावीत.

आता पुन्हा निवडणूक आली आहे. वातावरण तापलंय, काका गेले, ओसरी बंद करा, असं काही जण म्हणतात. बळीराम काकाही म्हणतात. मला ती चालू हवी आहे. पण बळीराम काका, आधी तुमचं म्हणणं मी सांगते. वादानं मत फिरत नाही, माणसं मात्र तुटतात, आणि तुटलेली जोडणारा आता राहिला नाही. हेच ना?

मान डोलावली त्यांनी. आपण सगळ्यांनी पाहिलं.

आता उभे राहू या आणि थोडा वेळ गप्प राहू. फार वेळ नको, काकांना ते मानवायचं नाही. मग बाहेर पडताना फळा बघा. सकाळीच मी लिहिलाय. रविवारचा विषय, ही ओसरी. 'चालू ठेवावी' या बाजूला बळीराम काकांचं नाव आहे. 'बंद करावी' या बाजूला माझं.