खडकाला चिखल

बाबांचं घर बंद करून मी कळंबच्या बसथांब्यावर बसले होते. शेजारी एक कोळी जोडपं होतं.

“समुद्राच्या तळाचा नकाशा करनाऱ्या पोरींना तुमी आपल्या खडकावर चिखल हाय म्हनून सांगितलं?”

“आपला खडक परक्याला कोन दाखवतो, एस्थर?”

“आता चिखल समजून त्या पोरी हिशेबात तिथले खेकडे कमी धरतील. मग खेकडे संपले म्हनून सरकार आपली जाळी बंद करील.”

“खरं सांगितलं, तर सगळ्या होड्या तिथंच येतील.”

“येऊ देत. तुमच्यामागं तो खडक कोनाला ठाव असनार?”

“आपल्या पोराला, युजीनला दाखवनार होतो.”

“युजीन दुबईत समुद्र बघतो, सोळाव्या मजल्यावरून.”





“लाव त्या पोरींना फोन. पन तूच बोल. माझ्यानं सांगवनार नाय.”