रुबीनाचे पाहुणे अन् सिगडीबंदी

...अन् वरून घरवाली मलेच म्हनते, 'नूर मोहम्मद, तुमाले मानूस वळखता येत नाई का?' मले सांगा, यात माही का चुकी?

तुमाले सांगतो, भद्रावतीत समोर माहं शिलाईचं दुकान, मागं घर. एक दिवस नगरपालिकेचा रिक्षा भोंगा लावून आला, "नागरिकांनो! या वॉर्डात कच्चा कोळसा जाळण्यास बंदी! गॅस, स्टोव्ह किंवा भाजलेला कोळसा वापरा!" आता गॅसचा नंबर लागता लागत नाई, राकेल राशनवाल्याजवळ नाई, अन् भाजलेला कोळसा बाजारात कोनी पाह्यलाच नाई! खाणीकडून सायकलवर येते तो कच्चाच. मंग आंगनात आमची सिगडी सुरूच! मले सांगा, यात माही का चुकी?

त्यातच रुबीनाले, माह्या पोरीले, पाहाले कोरपना गावचे लोक येनार. आबिदानं, म्हंजे घरवालीनं, सिगडीवर रश्श्याचं सालन चढवलं. असा धूर... असा धूर, का समोरची मस्जिद दिसेना! तेवढ्यात दारात सफारीवाला मानूस. मी म्हनलं, आला पोट्ट्याचा बाप! गळ्यातच पडलो, शरबत पाजलं.

तो म्हने, "स्वयंपाक कशावर होतो?"

मले वाटलं, पोरीचा सैपाकातला हात पाहून राह्यला. म्हनलं, "सिगडीवर! रुबीनाच पेटवते!"

"कच्चा कोळसा?"

"अस्सल कच्चा! दुसऱ्याले आमी हात नाई लावत!"

"रोज?"

"दोनी टाइम, भाऊ!"

तो उठला अन् म्हने, "मी नगरपालिकेचा. सिगडी जप्त!"

अन् तेवढ्यातच खरे पाहुने दारात! पोट्ट्याची माय विचारते, "हे कोन?" आता का सांगू? घामानं माही टोपी भिजली. सोयरीक गेली म्हना ना! मले सांगा, यात माही का चुकी?

म्या हात जोडले, "साहेब, सालन तरी शिजू द्या..." तर आतून रुबीना आली. डोये लालभडक, खोकत खोकत म्हने, "अब्बा, नेऊ द्या. लहानपनापासून सिगडी फुकून राह्यली मी." अन् पाहुन्यांकडं वळून, "तुमच्याइथी सिगडीच असन, तं मी नाई येत."

मी तं खालीच पाहून राह्यलो. त्या पोरीचे डोये मले कधी दिसले नव्हते, खरं सांगतो.

पोट्ट्याची माय उठली. मी म्हनलं, चालली! तं तिनं रुबीनाचे डोये पदरानं पुसले अन् नवऱ्यावर गरजली, "ऐकलं का? मी सांगून राह्यली तं ऐकाले येत नाई तुमाले! गॅस आना, मंगच सून येईन!" तो बिचारा मान हालवत राह्यला. सोयरीक पक्की! सफारीवालाबी सालन शिजेपर्यंत थांबला, दोनदा वाढून घेतलं, अन् मंग सिगडी घेऊन गेला.

आता रुबीना कोरपन्यात गॅसवर चहा करते. इथी राशनवाल्याजवळ राकेल आलं, तं आबिदानं स्टोव्ह माह्यापुढं ठेवला, म्हने, "शिलाई मशीनवर पाय चालते ना? मंग पंपावर हातबी चालन." तवापासून सकाळ-संध्याकाळ मी पंप मारतो, भाऊ... अन् भाकर करपली, का ते पन माह्यावरच!