बागेतल्या जनान्याचा नकाशा

...अन् वरून लोक म्हणतेत, अप्पारावला वर्षभरात एक पायखाना उभा करता आला न्हाई! आता काय बोलावं? चार भिंती, एक मोरी, वर पत्रा, त्याला काय अक्कल लागती, असं मलाबी वाटायचं. मी त्याच कचेरीत, त्याच्या शेजारच्या मेजावर टपाल लिहायचो, त्याच्या कागदावरल्या रेघा बघायचो अन् मनात म्हणायचो, ह्या गड्याला काय काम न्हाई... पण तुमाला सांगतो, माणसाला बसवायचं म्हणलं की पैला सवाल उभा राहतो, तोंड कुणीकडं? अन् त्या सवालानं आमच्या अप्पारावचा वर्षभर घाम काढला.

झालं असं, निजामाच्या राज्यात, फसली तेराशे पन्नास साली, आमच्या परभणीला नवे साहेब आले, थेट हैदराबादेहून. आल्या आल्या त्यांना बाग पाहिजे झाली. टेशनाच्या वाटेवर बाग केली, गुलाब लावले, बाकं टाकली, मधी कारंजंबी केलं, त्याला पाणी न्हाई ही गोष्ट सोडा. अन् बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यातली माणसं येऊन बसायली बाकावर, सावली चांगली, हवा चांगली, मग माणूस बसला की त्याला कधीतरी उठावंबी लागतंच की हो... साहेब संध्याकाळी फिरायला आले अन् गुलाबामागं त्यांना काय दिसलं ते मी तुमाला सांगत न्हाई. दुसऱ्या दिवशी अप्पारावला बोलावणं. का, तर कचेरीत नकाशे काढणारा तेवढा एकच. साहेब रुमाल नाकाला धरूनच बोलले, जसं काय ते गुलाब कचेरीत आले होते: "अप्पाराव, बाग में पायखाना होना. मर्दाना अलग, जनाना अलग. नक्शा लाओ."

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावला असता. बामनाच्या पोरानं नकाशे काढावेत पुलाचे, कुणब्याच्या पोरानं काढावेत विहिरीचे, अन् ह्याला काय आलं वाट्याला? पण अप्पाराव खूश! डोळ्यात पाणी आलं त्याच्या, मी बघितलं. अन् ते पाणी का आलं, ते सांगायचं तर बायनाबाईचं सांगावं लागतंय.

बायनाबाई म्हणजे त्याची मावशी. आई गेली तवा हे तीन वर्षाचं, मावशीनं उचलून नेलं, एका म्हशीवर ताक विकून वाढवलं, ताक विकून उर्दू शाळंत घातलं. तीन कोसावरनं डोक्यावर मडकं घेऊन पहाटं निघायची, बागेच्या भिंतीला लिंब हाय ना, त्याच्याखाली दिवे लागेपर्यंत बसायची. समदा बाजार तिचं ताक प्यायचा, अन् ती? आदल्या सांजेपसनं तिच्या घशाखाली एक घोट न्हाई! अहो, पिऊन जाणार कुठं? बापयाला काय, भिंत दिसली की भिंत, बाभूळ दिसली की बाभूळ. बाईला गावाबाहेरची गोदरी, तीबी पहाटं न्हाईतर अंधार पडल्यावर. मधले तेरा तास तिनं काय करायचं, हे ना सरकारनं इचारलं, ना तुमी, ना मी. त्या उन्हाळ्यात ती ऐन बाजारात, मडक्याशेजारीच, चक्कर येऊन पडली. ताकाच्या मडक्यापाशी बाई तहानेनं पडती, ऐकलंय का कुठं? दिनकरराव वैद्यांनी नाडी बघितली, पोट दाबलं, अन् अप्पारावला बाजूला घेऊन सांगितलं की मुतखड्याची सुरुवात हाय, असा आणखी एक उन्हाळा काढला तर माझ्या हाती काही न्हाई.

तवा पुढच्या उन्हाळ्याच्या आत जनाना उभा करायचा, असं त्यानं मनाशी धरलं. आठ दिवसांत असा नकाशा काढला, काय सांगू, चार जागा ओळीनं, कमानी, खिडक्या, निळी शाई, तांबडी शाई... नेला साहेबांच्या पुढं. मौलवीसाब तिथंच बसलेले. भला माणूस, चष्मा लावून बघितलं अन् हळूच इचारलं, मियाँ, बसणाऱ्याचं तोंड कुणीकडं? पश्चिमेला किब्ला, मक्केची दिशा, तिकडं तोंड चालत न्हाई. बरं, मग फिरवू पूर्वेला, अप्पाराव म्हणाला. मौलवीसाब म्हणाले, मग पाठ होईल की किब्ल्याकडं, तीबी न्हाई चालत. झालं, दोन दिशा गेल्या!

गडी म्हणला हरकत न्हाई, दोन ऱ्हायल्यात. गेला गोविंदराव जोशांकडं, उगं मागाहून कटकट नको. जोशी पंचांग बाजूला ठेवून म्हणाले की शास्त्रात साफ हाय, दिवसा उत्तरेकडं तोंड, रात्री दक्षिणेकडं. आता सांगा, सूर्य मावळला की पायखाना फिरवायचा कसा, त्याला काय चाकं लावायची? लय इनवण्या केल्यावर जोशी एवढ्यावर आले की बाग अंधार पडल्यावर बंदच असती, तवा उत्तर पक्की धरा.

अप्पाराव नाचत आला. नकाशा उत्तरेला फिरवला. अन् उत्तरेला काय? साहेबांचा बंगला! साहेबांचे कारकून म्हणजे पेशकार, त्यांनी कागद बघितला अन् त्यांच्या हातातलं पान तसंच ऱ्हायलं. साहेबांच्या बंगल्याकडं तोंड करून रयत बसणार? अप्पाराव म्हणाला, मग पाठ करू. पेशकार म्हणाले की तोंड केलं तर बेअदबी अन् पाठ केली तर त्याहून जादा. झालं! चारी दिशा संपल्या. मिसल, म्हणजे त्या कामाची फाईल, ह्या मेजावरनं त्या मेजावर, दर मेजावर एकच शेरा, तोंड कुणीकडं? दिवाळी गेली, संक्रांत गेली, शिमगा आला, ऊन तापायलं, अन् लिंबाखाली मावशी कोरड्या ओठानं लोकांना ताक पाजायली. अप्पाराव कचेरीतनं घरी जाताना त्या लिंबाकडं बघायचा न्हाई, लांबच्या गल्लीनं जायचा, लाजंनं.

एक दिवस तिनंच त्याला गाठलं. गल्लीच्या तोंडालाच बसली होती. म्हणली, मला चुकवायलास व्हय रे? मग गडी फुटला. समदं सांगितलं तिला, किब्ला, शास्त्र, बंगला, आपल्याला काय जमत न्हाई, आपण नालायक. बायनाबाईनं ऐकून घेतलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं, तीस वर्षाच्या गड्याचं, भर गल्लीत! अन् म्हणली, "आप्पा, एवढ्या जणांला इचारत फिरलास, एका बाईला इचारलास का? आमचं तोंड कुणीकडंबी असू दे बाबा. बापयाचं तोंड आमच्याकडं नको, एवढं बघ."

अन् तिथंच धुळीत काडीनं तिनं नकाशा काढला. खेड्यात न्हाणीला कूड घालतेत ना, गोगलगाईसारखा, तसा. दार न्हाई, फळी न्हाई, नुसती वळत गेलेली भिंत; रस्त्यावरनं बघणाऱ्याला भिंतच दिसावी, बाई आत गेली का भिंतीआड सावलीला थांबली ते कळूच नये. आत गोल मोकळी जागा, कडंनं मोरी. जिला जिकडं वाटंल तिकडं तिनं बसावं, ते कागदावर कशाला?

बघा, गोल! गोलाला कुठं तोंड असतंय? मौलवीसाब खूश, म्हणाले ज्याचं त्यानं जाणावं. जोशी खूश, पेशकारांना तर बोट ठेवायला जागाच गावंना. मंजुरी एका आठवड्यात. फक्त जनान्याला हां! मर्दान्याचं काय, तर साहेब म्हणाले की मर्दाचं काम शिस्तीनं, ओळीत पाहिजे, त्याची मिसल अलग चालू द्या. ती चालू हाय.

चैत्रात भिंत उभी राहिली. अप्पाराव मावशीला तांब्याभर पाणी घेऊन गेला, म्हणला पी. अन् तेवढ्यात काय बघावं? जनान्याच्या तोंडाशी चंद्रभान नावाचा पोलिसातला जवान उभा! हातात काठी, मिशीला पीळ. साहेबांचा हुकूम, औरतांच्या इज्जतीसाठी पहरा. आता ज्या बाईनं बापयाच्या नजरंला भिऊन तेरा तास काढले, ती जवानाच्या मिशीसमोरनं आत जाईल? मनकर्णा भाजीवाली गेली दहा पावलं, अन् कोथिंबिरीची जुडी इसरल्यासारखं करून माघारी आली. अप्पारावनं दरखास्त दिली की पहरा काढावा. जबाब आला, पहरा काढल्यावर इज्जतीची जिम्मेदारी कोणाची? गड्यानं त्या दिवशी पेन्सिलच मोडली.

बायनाबाई तडक उठली, मोठा पितळी गलास भरला, वर मीठ-जिरं घातलं, अन् चंद्रभानला म्हणली, लेकरा, उन्हात उभा हाईस, घे. पैशे न्हाई घेतले. तो बिचारा साधा, तीन गलास प्यायला, मावशी मावशी करत. आता तीन गलास ताक प्यालेला माणूस, डोक्यावर ऊन, समोर जनाना, तिथं त्याला जाता येत न्हाई... अन् मर्दाना? मर्दान्याची मिसल तोंड कुणीकडंवर अडकलेली! अर्ध्या तासानं चंद्रभाननं काठी भिंतीला टेकवली अन् घाईघाईनं रुळापलीकडच्या बाभळीकडं निघाला. काठी भिंतीला दिसली की लिंबाखालनं बाया उठल्या, मनकर्णा, मग दगडाबाई, पाठोपाठ समद्या. अन् सगळ्यात शेवटी बाहेर आली बायनाबाई. लिंबाखाली बसली, अन् भर दुपारी, भर बाजारात, तो पाण्याचा तांब्या घटाघटा प्यायली. अप्पाराव कचेरीच्या खिडकीतनं बघायला होता. मीबी. आमी दोघंबी एकमेकाकडं बघितलं न्हाई.

मग तेच चालू झालं, दर बाजाराला. सकाळी तीन गलास, दुपारी तीन गलास. मुतखडाबी दबला म्हणतेत वैद्य. सगळं सुरळीत... तर एक दिवस साहेब आले पाहणीला. बाया जायल्यात, यायल्यात, बेफिकीर. नेमका चंद्रभान त्याच घटकेला बाभळीकडनं माघारी येऊन काठी हातात घेऊन उभा, घामाघूम. साहेब लय खूश झाले. अप्पारावच्या पाठीवर हात ठेवून म्हणले, "देखे? पहरा है बोलके औरतां आ रैं." म्हंजे पहरा हाय म्हणूनच बाया येतेत म्हणे!

खरं सांगावं तर चंद्रभानची नोकरी जाती, न सांगावं तर... अप्पाराव "जी हुजूर" म्हणला. अन् साहेबांनी तिथल्या तिथं आणखी एक जवान मंजूर केला.

संध्याकाळी गडी मान खाली घालून लिंबापाशी गेला, समदं सांगितलं. बायनाबाईनं मडकं पालथं करून झटकलं, चुंबळ डोक्यावर ठेवली अन् म्हणली, "मग आता दुसरी म्हैस बघ."